चिमीचं वाक्य

दिवाळी सरली आणि तलासरीच्या डोंगरपट्टीत जमीन हलायला लागली.

पहिल्या दिवशी रखमी म्हातारी ओट्यावर भात पाखडत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "कुड कोण ढकलतं रं?" कुड कुणी ढकलत नव्हतं. कुडाच्या भिंतीला खोचलेल्या कोयत्या आपोआप खडखडत होत्या. खळ्यावर तिचे दोन मुलगे, लाहू आणि सुदाम, भाताच्या पेंढ्या डोक्यावर उगारून तसेच उभे राहिले. जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज झाला, कोंबड्या ओरडल्या आणि सगळं गप्प झालं. लाहूनं पेंढी फळीवर आपटली. झोडणी थांबवून चालणार नव्हतं.

त्यानंतर रोजच काही ना काही हलायचं. सावरपाड्याची शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. मोठ्या खोलीच्या भिंतीला चीर गेली, आणि मुलांना आत बसवू नका असा वरून निरोप आला. वरठा गुरुजींनी पटांगणात ताडपत्री बांधली. तिच्या एका टोकाला त्यांची पहिली-दुसरी आणि दुसऱ्या टोकाला दक्षाबाईंची तिसरी-चौथी बसायला लागली.

दक्षा म्हणजे सुदामची बायको. आठ वर्षं झेडपीच्या नोकरीत होती, त्यातली पाच याच पाड्यावर, सासरच्याच शाळेत. लाहूची मुलगी चिमी तिच्या चौथीत होती. घरी दक्षाला ती काकी म्हणायची आणि शाळेचं पटांगण लागलं की बाई. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी दक्षानं स्टुलावर फळा टेकवला आणि लिहिलं, द अर्थ इज शेकिंग. मुलांनी सुरात म्हटलं. मग ती म्हणाली, "आता ज्याचं त्यानं सांगा. तुमच्या घरी काय झालं?"

मुलं तेच वाक्य पुन्हा म्हणत गेली. चिमी उठली आणि बोलेनाच.

"काय गं?"

"बाई, शेकिंग नाय. चालते ती."

"कोण चालते?"

"जमीन. आमच्या घराखालना चालत गेली. मना कळला ना, मी निजलेली होती." आणि मग बोटं मोडत, एकेक शब्द जुळवत तिनं इंग्रजीत सांगितलं, "द ग्राउंड इज वॉकिंग अंडर माय हाउस."

टेबलाखाली मांजर दाखवून अंडर शिकवलेला, त्याला महिना झाला होता. दक्षा खडू हातात धरून तशीच उभी राहिली. चौथीच्या पुस्तकात असं वाक्य कुठंच नव्हतं. तिला स्वतःलाही ते सुचलं नसतं.

त्या संध्याकाळी हांडे भरून, भाकऱ्या टाकून दक्षा टेकाडावर गेली. पाड्यावर मोबाईलला रेंज मिळायची ती तिथंच, मोहाच्या झाडापाशी. तिथं बसून तिनं ते वाक्य चिमीच्या नावासकट आपल्या ब्लॉगवर लिहिलं.

ब्लॉगचं हे प्रकरण तीन वर्षांपूर्वी डहाणूला सुरू झालं होतं. इंग्रजी शिकवणाऱ्या चाळीस शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि नविन सर नावाचे शिकवणारे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना फोन काढायला लावले. म्हणाले, "प्रत्येकानं ब्लॉग उघडायचा. आठवड्यातून एकदा, वर्गात खरोखर काय झालं ते इंग्रजीत लिहायचं. अहवाल नको. चुका होतील, होऊ द्या. एकमेकांचं वाचायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. आपण स्वतः कधी इंग्रजीत चार ओळी लिहीत नाही आणि मुलांनी लिहावं म्हणतो."

दक्षा शेवटच्या बाकावर होती. तिचं सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी म्हणजे तिला पाठ केलेली उत्तरं. मुलांपुढं ती मार्गदर्शिकेतलं वाक्य वाचायची आणि कुणी काही विचारू नये म्हणून लगेच पुढच्या वाक्यावर जायची. पहिल्या नोंदीच्या चार ओळी लिहायला तिला दोन तास लागले. पावसाचा धडा घेतला, तेव्हा मुलांना पावसाचे शब्द माझ्यापेक्षा जास्त माहीत होते, एवढंच तिनं लिहिलं होतं. आय टीच, असं लिहिलं होतं. दोन दिवसांनी खाली बोर्डीच्या शाळेतल्या शितल मॅडमनी लिहिलं. चूक दाखवली नव्हती. यू टॉट रेन अँड दे टॉट यू, एवढंच लिहिलं होतं. दक्षानं ते चार वेळा वाचलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. वहीत तिनं टीच आणि टॉट शेजारी शेजारी लिहून ठेवलं.

अशी ती शिकत गेली. शितल मॅडमना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या वर्गात कोण मुलगा बोलत नाही, कोणता खेळ फसला, हे तिला माहीत असायचं. चाळीसांतले लिहिणारे त्या दिवाळीपर्यंत बारा उरले, वर्षानं पाच. दक्षा लिहीत राहिली. भात लावताना गुडघाभर चिखलात वाकलेली असली तरी तिच्या मनात वाक्यं जुळत असायची. सिन्स कुठं आणि फॉर कुठं, हे तिला दोन वर्षं कळत नव्हतं. रखमी म्हातारी शेजारणीला सांगायची, "सून मोहाखाली बसते नि फोनात बोटा मारते. बोलत नाय, नुसत्या बोटा मारते." जुन्या नोंदींतल्या चुका दक्षानं दुरुस्त केल्या नाहीत. नविन सर म्हणाले होते, राहू द्या, किती चाललात ते दिसेल.

चिमीचं वाक्य टाकलं आणि चमत्कारच झाला. शितल मॅडमनी ते पुढं पाठवलं, त्यांच्या ओळखीच्यांनी त्याच्याही पुढं. जिथं दोन-तीन जण लिहायचे तिथं पन्नास-साठ जणांनी लिहिलं. कुणी पुण्याचं, कुणी थेट दिल्लीचं. दक्षानं चिमीला वाचून दाखवलं. चिमी म्हणाली, "ह्यांच्या घराखाली नाय चालत?" आणि बकऱ्या हाकायला गेली.

डिसेंबर लागला. झोडणी आटपली, पेंढा रचून झाला. लाहूच्या वाट्याला आलेलं भात फाल्गुनापर्यंतही पुरणारं नव्हतं. भिवंडीकडच्या वीटभट्टीची गाडी शनिवारी येणार, असा मुकादमाचा निरोप आला. दरवर्षी यायची. पाड्यावरची नऊ घरं जायची.

जिवली, लाहूची बायको, टोप, तवा, तांदूळ, तिखट भरून गोणी शिवत होती. दक्षा तिच्याजवळ जाऊन बसली.

"वहिनी, चिमीला माझ्याकडं ठेव ना यंदा."

जिवली दोरा दातानं तोडत म्हणाली, "ठेवते. नि बाळ्याला कोण बघेल?"

बाळ्या आठ महिन्यांचा होता.

"आई हाय ना."

"म्हातारीला सोताला उठवत नाय. तू बघशील? तू शाळेत जाशील. मी माती तुडवीन का त्याला पाजीन? चिमी त्याला धरील, तवा माझं दोन हात मोकळं होतील." सुई तिनं पदराला खोचली. "तुझा बरा हाय बाय. तू सांगतेस ती गोष्ट चांगलीच असते."

शनिवारी गाडी आली. चिमी गोण्यांवर, बाळ्याला मांडीवर घेऊन बसली. तिच्या पिशवीत इंग्रजीची वही होती. ती दक्षानंच घातली होती.

हजेरीपटावरची नावं मात्र हलली नाहीत. वरठा गुरुजी दरवर्षी सांगायचे तेच यंदाही म्हणाले, "नाव काढायचं नाय बाई. शाळाबाह्य मूल शून्य, असा अहवाल वर गेलाय. आपल्या दोघांच्या सह्या हायेत त्याच्यावर." सह्या होत्या खऱ्या. भट्टीवर गेलेल्या इतर मुलांसारखी दक्षानं चिमीचीही हजेरी लावली.

फेब्रुवारीत मोठे धक्के बसले. लोक घराबाहेर तंबूत निजायला लागले, पेपरवाले आले, आणि कुणीतरी ती जुनी नोंद पुन्हा शोधून काढली. मुंबईच्या एका संस्थेतल्या बाईंनी खाली लिहिलं, त्या मुलीला आम्हाला वह्या आणि गोष्टींची पुस्तकं पाठवायची आहेत. ती कशी आहे? कुठं आहे?

दक्षा मोहाखाली बसली होती. झाडाची पानं गळून गेली होती, ऊन थेट डोक्यावर येत होतं. काय लिहावं, असा प्रश्नच तिला पडला नाही. इतकी वर्षं ती तिथं खरं तेच लिहीत आली होती. तिनं लिहिलं, शी हॅज बीन लिव्हिंग अ‍ॅट अ ब्रिक किल्न सिन्स डिसेंबर. पुढं लिहिलं, ती विटा वाहते आणि भावाला सांभाळते. मग पुन्हा पहिलं वाक्य वाचलं. हॅज बीन बरोबर होतं, सिन्सही बरोबर होता. कुणाला न विचारता, वही न बघता आलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. बाईंनी भट्टी कुठली म्हणून विचारलं, तर भिवंडीच्या अलीकडं खाडीजवळ, हेही लिहिलं.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, लाहूचं बिऱ्हाड चारोटीहून जीपनं फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून चालत पाड्यावर आलं. लाहूचा डावा गाल सुजून डोळा मिटला होता. जिवलीच्या डोक्यावर गोणी, चिमीच्या कडेवर बाळ्या. शाळेवरूनच वाट होती. दक्षा ताडपत्रीखालून धावत बाहेर आली.

"काय झाला, वहिनी?"

जिवलीनं गोणी उतरवली नाही. "तुला म्हाईत नाय?"

"नाय."

"दोन गाड्या आल्या भट्टीवर. सायब लोक. हातात फोन, फोनात चिमीचा नाव. चिमी कोण, चिमी कोण, विचारत फिरले, कोणी सांगला नाय. पोरा कामाला लावता म्हणून शेठला धरला. ते गेले तसा शेठच्या माणसानं ह्याला सगळ्यांच्या देखत मारला. पोरं असलेली सगळी घरा हाकलली. नऊच्या नऊ. चूल पेटलेली होती, तिच्यावर पाणी ओतला." श्वास घ्यायला ती थांबली. "पोरं शाळेत घालतो बोलले ते सायब. नि खायाला?"

ताडपत्रीखाली मुलं उभी राहून बघत होती. वरठा गुरुजी खाली बघत होते. चिमीनं दक्षाकडं पाहिलं आणि बाळ्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिचे तळहात विटेसारखेच झाले होते, कोरडे, लाल, ठिकठिकाणी सोललेले.

त्या दिवसापासून दोन घरांमधला ओटा एक राहिला नाही. जिवलीनं मधे तुराट्या रोवल्या. बाकीची आठ घरं तर दक्षाच्या वाटेलाही जाईनात. विहिरीवर ती गेली की बायका हांडे भरून निघून जायच्या. सुदाम भावाच्या बाजूलाही जाऊ शकत नव्हता आणि बायकोशीही धड बोलत नव्हता. एकदाच म्हणाला, "तुला कोणी विचारला होता का, ती कुठं हाय?"

"विचारलं होतं," दक्षा म्हणाली.

"मंग नाय म्हाईत बोलायचा."

मार्चमध्ये तालुक्याच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. साहेब ओरडणारे नव्हते. टेबलावर त्यांनी ब्लॉगची छापील पानं पसरली होती, काही ओळींवर पिवळी शाई होती.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो सर."

"कुणाला विचारून?"

"सर, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. वर्गात काय होतं ते लिहा म्हणून."

"वर्गातलं लिहा म्हणाले होते. भट्टी वर्गात येते का?" साहेबांनी दुसरा कागद पुढं सरकवला. "ही तुमची सही ना? शाळाबाह्य मूल शून्य. आणि ही डिसेंबरपासूनची हजेरी, तीही तुमचीच. आता इथं तुम्ही म्हणता हजर आणि तिथं म्हणता भट्टीवर. मग खोटं कोण, बाई? ऑफिस का तुम्ही?"

दक्षानं विचारलं, "ब्लॉग बंद करू का सर?"

"बंद केलात तर लोक म्हणतील लपवलं. खुलासा टाका. मुलगी घरीच होती, आजारी होती, तुमचा गैरसमज झाला. इंग्रजीत लिहा, त्या मुंबईच्या बाई मराठी वाचतात का नाही देव जाणे." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "आमच्यात कुणाचं इंग्रजी एवढं चांगलं नाही हो. तुम्हीच लिहा. मलाही वर उत्तर द्यायचंय. नाहीतर खोट्या हजेरीबद्दल कारवाई तुमच्यावरच करावी लागेल, दुसरा कोण सापडणार मला?"

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि सुदामला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "लिहून टाक. नोकरी गेली तर पुढच्या गाडीत आपुन बसायचा काय?"

पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसून तिनं खुलासा लिहिला. वीस मिनिटं लागली. शब्द आपणहून येत होते, हेच तिला सहन होईना. साहेबांनी वाचलं, दोन जागी मान हलवली आणि म्हणाले, "छान."

दोन दिवसांनी मोहाखाली बसून तिनं ब्लॉग उघडला. खाली शितल मॅडमनी लिहिलं होतं. मुलगी घरी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. आणि दक्षा, तुझ्या पहिल्या नोंदीपासून मी वाचते आहे. आज पहिल्यांदा एकही चूक सापडली नाही.

दक्षानं फोन पदरात गुंडाळला. मोहाची फुलं टपटप पडत होती. खाली बायका-मुली वाकून ती वेचत होत्या आणि एकीनंही वर पाहिलं नाही.

एवढ्यानंही भागलं नाही. मुंबईच्या बाईंना मुलीला भेटायचंच होतं. वह्या घेऊन त्या स्वतः येणार आणि बरोबर साहेब येणार, असं ठरलं. चिमी तर शाळेत पाऊलही टाकत नव्हती. सुदाम तुराट्यांच्या पलीकडं गेला. तिथं काय बोलणं झालं ते दक्षाला ऐकू आलं नाही, पण रखमी म्हातारी मधेच एकदा मोठ्यानं म्हणाली, "तिची नोकरी गेली तर कोणाची चूल पेटेल रं? दोघांची पण नाय." मग लाहू बाहेर आला. सूज उतरली होती, डोळ्याखाली काळं राहिलं होतं. दक्षाकडं न बघता म्हणाला, "एक दिवस. घेऊन जा."

दिवस मावळायच्या आत दक्षा चिमीला ओट्यावर घेऊन बसली.

"उद्या त्या बाई विचारतील, तू इतके दिवस कुठं होतीस. तर म्हणायचं, आय वॉज सिक."

"म्हंजे काय?"

"मी आजारी होते."

"मी नव्हती."

"माहीत आहे."

चिमीनं थोडा विचार केला. तिचा चेहरा उजळला, जमिनीचं वाक्य जुळवताना उजळला होता तसा. "मंग आय वॉज नॉट सिक बोलू?"

बरोबर होतं. नॉटची जागा बरोबर होती. तिला कुणी सांगितली नव्हती. दक्षानं तिच्या केसांतली मोहाची पाकळी काढली. म्हणाली, "नाही. नॉट नको म्हणूस."

"का?"

"नको म्हणूस. आणि उद्या हात मागं ठेव."

दुसऱ्या दिवशी चिमी दुसरीतल्या मुलीचा आखूड गणवेश घालून पुढच्या ओळीत बसली. मुंबईच्या बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी चिमीला जवळ घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, कुठं होतीस गं? चिमीनं हात मागं बांधले आणि सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला रंगीत खडूंची पेटी दिली. ती घ्यायला चिमीनं एकच हात पुढं केला, तोही मूठ अर्धी मिटून. साहेब निघताना दक्षाला म्हणाले, "मुलांची तयारी चांगली आहे तुमच्याकडं." त्यांच्या गाडीची धूळ बसायच्या आत चिमी गणवेश उतरवून घरी गेली होती.

आठवड्यात लाहूला बोर्डीकडच्या चिकूच्या वाडीत काम मिळालं. सगळं बिऱ्हाड तिकडं गेलं.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागले. चिमी पास होऊन पाचवीत गेली. सगळेच जातात. दक्षानं तिचं प्रगतीपुस्तक भरलं, पिशवीत घातलं आणि रविवारी बस धरली. वाडी शोधायला वेळ लागला. झाडांखाली गार अंधार होता. लाहू लांब काठीच्या जाळीनं चिकू उतरवत होता. जिवली हौदावर फळं चोळून धूत होती, तिचे हात कोपरापर्यंत चिकानं काळे झाले होते. चिमी सावलीत बसून लहान-मोठे चिकू वेगळे करत होती. बाळ्या तिच्या पायाशी कमरेला फडकं बांधून ठेवला होता, फडक्याचं टोक तिच्या पायाला.

वाडीचा राखणदार दक्षाच्या मागोमाग आला. नेटकी साडी, खांद्याला पर्स, म्हणून त्यानं अदबीनं विचारलं, "बाई, शाळेतल्या का तुम्ही? ही पोरगी तुमच्या शाळेतली? मग इथं कशी?"

दक्षा काही बोलणार, तेवढ्यात चिमी उठून उभी राहिली. हातातले चिकू तिनं टोपलीत टाकले, दोन्ही हात मागं नेले आणि समोर बघत स्वच्छ आवाजात म्हणाली, "आय वॉज सिक."

राखणदार हसला. "अरे वा. इंग्लिश बोलते की. चांगला शिकवलाय बाई तुम्ही."

जिवलीनं हौदावरून एकदा इकडं पाहिलं आणि पुन्हा फळं चोळायला लागली. चिमी अजून उभीच होती. दक्षा तिला बस म्हणेपर्यंत ती बसली नाही.